शेषाद्री अय्यर : म्हैसूरला वीज देणारे दिवाण

दहावीच्या विज्ञानात आम्ही विजेची तीन सूत्रं पाठ करतो. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. करंटचा वर्ग गुणिले रोध म्हणजे तारेत उष्णता होऊन वाया जाणारी पॉवर. याच हिशोबावर एका दिवाणांनी संस्थानाचा पैसा पणाला लावला होता. ते म्हणजे सर के. शेषाद्री अय्यर.

त्यांचा जन्म १८४५ मध्ये, केरळातल्या पालघाट भागात. मद्रासला शिकून १८६८ मध्ये ते म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आले आणि १८८३ मध्ये दिवाण झाले. हे पद त्यांनी १८ वर्षं सांभाळलं. १८९४ मध्ये महाराजा चामराजेंद्र अकाली वारले. युवराज लहान होते, म्हणून महाराणी रीजंट झाल्या आणि दिवाणांवरचं ओझं वाढलं.

याच काळात कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज तयार करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना विकण्याची योजना पुढे आली. ती आखली रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन जोली द लॉत्बिनिएर यांनी. ते कॅनडाच्या मिलिटरी कॉलेजात शिकलेले, म्हणजे आपल्यासारखेच कधीकाळचे कॅडेट!

खरी अडचण अंतराची होती. धबधब्यापासून खाणी ९२ मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर दूर. खाणींना हवी होती ४००० हॉर्सपॉवर, म्हणजे जवळपास ३००० किलोवॅट. इतक्या लांब वीज नेणं तेव्हा जगातही नवीनच होतं.

मी वहीत हिशोब मांडून पाहिला. तीन फेजचा गुंता बाजूला ठेवला आणि तारांचा रोध सोयीसाठी ३० ओहम धरला. ३००० व्होल्टनं ३००० किलोवॅट पाठवायचे तर करंट १००० अँपिअर हवा. पण एवढा करंट त्या तारांतून ढकलायलाच ३०,००० व्होल्ट लागतील! म्हणजे जमणारच नाही. आता व्होल्टेज दहापट करून ३०,००० घेऊ. करंट उरतो १०० अँपिअर. १०० चा वर्ग गुणिले ३०, म्हणजे ३०० किलोवॅट वाया जातात. शंभरातले दहा गेले, नव्वद पोचले. प्रत्यक्षातली लाइनही तीस हजार व्होल्टच्या घरातलीच होती.

कागदावर हे सोपं दिसतं. पण पैसा प्रजेचा होता आणि योजना फसली असती तर बोल दिवाणांनाच लागला असता. तरी त्यांनी इंजिनिअरच्या आकड्यांवर विश्वास ठेवून काम पुढे नेलं. खाणवाल्यांशी करार झाला. यंत्रं अमेरिका आणि स्वित्झर्लंडहून आली.

१९०१ मध्ये तब्येत ढासळल्यामुळे ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले. जून १९०२ मध्ये वीज कोलारला पोचली. १९०५ मध्ये बंगळूरला आणि १९०८ मध्ये म्हैसूर शहरात विजेचे दिवे लागले. यातलं काहीच त्यांना पाहायला मिळालं नाही.

आज दसऱ्याला म्हैसूरचा राजवाडा उजळतो, तेव्हा लोक दिवे पाहतात. मला मात्र आता त्यामागचे दिवाण आठवतात. पुढे आपल्यापैकी अनेकांना निर्णय घ्यावे लागतील. हिशोब नीट तपासावा, मग जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घ्यावी. उजेड आपल्या हयातीत पडला नाही, तरी काम पुरं होतंच.