विश्लेषण : माळ्याने नऊ महिन्यांत काचेचा महाल कसा उभारला?

प्रकल्पाची मुदत जवळ आली की बैठकीत पहिली सूचना ठरलेली असते : माणसे वाढवा. प्रकल्प व्यवस्थापनात याला ‘क्रॅशिंग’ म्हणतात. जादा पैसा, जादा हात, कमी दिवस. दुसरा मार्ग ‘फास्ट ट्रॅकिंग’चा, म्हणजे एकामागून एक होणारी कामे एकाच वेळी सुरू करण्याचा. हे शब्द विसाव्या शतकातले. पण १८५० मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये हे दोन्ही मार्ग वापरले गेले आणि त्याआधी एक तिसराही. त्यामागचे डोके होते जोसेफ पॅक्स्टन यांचे. ते ना वास्तुविशारद होते, ना पदवीधर अभियंते.

कोण होते पॅक्स्टन?

बेडफर्डशायरमधील शेतकरी कुटुंबात १८०३ मध्ये त्यांचा जन्म झाला. वयाच्या २३ व्या वर्षी डेव्हनशायरच्या ड्यूकने त्यांना चॅट्सवर्थच्या बागेचे मुख्य माळी नेमले. रुजू होण्याच्या दिवशी ते पहाटे साडेचारलाच पोहोचले, फाटक बंद म्हणून भिंतीवरून चढून आत गेले आणि सकाळीच माणसांना कामाला लावले. चॅट्सवर्थमध्ये त्यांनी लाकूड, लोखंड आणि काच यांची एकाहून एक मोठी हरितगृहे बांधली. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील महाकाय कमळासाठी बांधलेले हरितगृह त्यातलेच. त्या कमळाच्या पानाने त्यांच्या लहान मुलीचे वजन सहज पेलले होते. पानाच्या खालच्या शिरांची रचना त्यांनी बारकाईने पाहिली होती.

पेच काय होता?

१ मे १८५१ रोजी लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरणार होते. देशोदेशी निमंत्रणे गेली होती, त्यामुळे तारीख हलवणे अशक्य. इमारतीसाठी २४५ आराखडे आले. समितीने सगळे बाजूला ठेवले आणि स्वतःचा आराखडा पुढे केला. त्यात प्रचंड घुमट होता आणि सुमारे दीड कोटी विटा लागणार होत्या. एवढ्या विटा रचायच्या कधी आणि वाळायच्या कधी?

११ जून १८५० रोजी डर्बी येथे रेल्वे कंपनीच्या बैठकीत बसलेल्या पॅक्स्टन यांनी समोरच्या टीपकागदावर एक रेखाटन केले. (तो कागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहे.) साधारण नऊ दिवसांत पूर्ण नकाशे तयार झाले. ३० जुलैला जागा ताब्यात आली. हातात उरले नऊ महिने.

वेळ नेमका कुठे वाचला?

इथे लोक चटकन मजुरांची संख्या सांगतात. पण बहुतेक वेळ पहिला खड्डा खणण्याआधी, कागदावरच वाचला होता. हाच तो तिसरा मार्ग : कामच कमी करणे. पॅक्स्टन यांनी काचेचे एक माप ठरवले, ४९ इंच बाय १० इंच. सगळी इमारत २४ फुटांच्या चौकटीत बसवली. खांबांचा बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा आणि भार जास्त तिथे फक्त आतली जाडी वाढवायची. त्यामुळे जोडणीचे भाग बदलत नसत. खांब पोकळ, म्हणून छताचे पाणी त्यांतूनच खाली जाई आणि वेगळे पाइप लागत नसत. सुरुवातीला कुंपणाला लावलेल्या फळ्या पुढे जमिनीच्या तख्तपोशीला वापरल्या.

मग फास्ट ट्रॅकिंग. फॉक्स, हेंडरसन या कंत्राटदार कंपनीने करारावर औपचारिक सही होण्याआधीच काम सुरू केले. चार्ल्स फॉक्स आठवडेच्या आठवडे दिवसाला अठरा तास बसून तपशीलवार नकाशे काढत होते आणि नकाशा हातावेगळा झाला की ओतकाम सुरू होई. तुळया जागेवर आल्या की वजन, दाब-चाचणी आणि लगेच चढवणी. यात जोखीम उघड आहे. नकाशात चूक निघाली तर ओतलेले लोखंड भंगारात. ती पेलता आली, कारण सुट्या भागांचे प्रकारच मोजके होते. जाता जाता : या नकाशांवर काम करणाऱ्या रोलंड ऑर्डिश यांनीच पुढे मुंबईतील काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचा आराखडा केला. त्याचे लोखंडही इंग्लंडमध्ये ओतून मुंबईत जोडले गेले.

क्रॅशिंग सर्वांत शेवटी आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला जेमतेम काही डझन माणसे होती, डिसेंबरमध्ये दोन हजारांवर. खरी कोंडी काचेची होती. सुमारे तीन लाख तावदाने हवी होती, म्हणून चान्स ब्रदर्सने फ्रान्समधून काच फुंकणारे कारागीर आणले. ती बसवण्यासाठी छताच्या पन्हाळींवरच चाकांचे गाडे चालवले. गाड्यात बसून काम करायचे, वर आच्छादन, त्यामुळे पाऊस पडला तरी काम चालू. एका आठवड्यात ८० जणांनी १८ हजारांहून अधिक तावदाने बसवली. १ मे रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते उद्घाटन झाले. साठ लाखांवर लोकांनी प्रदर्शन पाहिले. कोहिनूरही तिथेच मांडला होता. पॅक्स्टन ‘सर’ झाले.

दुसऱ्यांदा हेच का जमले नाही?

प्रदर्शन संपल्यावर एका कंपनीने ती इमारत ७० हजार पौंडांना घेतली आणि दक्षिण लंडनच्या सिडनहॅम टेकडीवर पुन्हा उभारायला घेतली. भाग तेच, माणसेही बरीचशी तीच. पण पॅक्स्टन यांनी या वेळी आराखडाच वाढवला. उतारावरची जागा, जास्त मजले, कमानदार छते, प्रचंड कारंजी आणि त्यांच्यासाठी पाण्याचे उंच मनोरे. साधेपणामुळे मिळालेला वेग साधेपणाबरोबरच गेला. काम जवळपास दोन वर्षे चालले आणि खर्च सुमारे १३ लाख पौंडांवर पोहोचला. ऑगस्ट १८५३ मध्ये मधल्या उंच दालनाची परांची कोसळून १२ कामगार ठार झाले. हाइड पार्कच्या विक्रमासोबत ही नोंद क्वचितच सांगितली जाते.

जून १८५४ मध्ये तो महाल खुला झाला. पॅक्स्टन त्याच वर्षी कॉव्हेंट्रीचे खासदार झाले. ८ जून १८६५ रोजी सिडनहॅमला, आपल्या महालाच्या जवळच्याच घरात त्यांचे निधन झाले. महाल नोव्हेंबर १९३६ मध्ये एका रात्रीत जळून गेला.