तेलाची बुधली

किटी हॉकचा तो फोटो आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलाय. वाळूवरून उचललेलं विमान, आणि बाजूला धावता धावता थबकलेला एक माणूस. विमानात पालथा झोपलेला तो धाकटा ऑर्व्हिल राइट, थबकलेला तो थोरला विल्बर. पण आधीच्या महिनाभरात ते विमान किती वेळा मोडलं नि सावरलं, हे फोटोत कुठं दिसतं?

विल्बरचा जन्म 16 एप्रिल 1867 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील मिल्टन हे बिशप. हत्यारं हाताळण्यात मात्र आई सुझन तरबेज. अठराव्या वर्षी बर्फावर हॉकी खेळताना तोंडावर फटका बसून विल्बरचे दात गेले आणि कॉलेजचा बेतही बारगळला. पुढची काही वर्षं तो घरीच राहिला. क्षयानं आजारी आईची शुश्रूषा करायची आणि वडिलांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. 1889 मध्ये आई गेली. 1892 मध्ये दोघा भावांनी डेटनला सायकलचं दुकान काढलं.

विमानही त्या दुकानातच घडलं. इंजिन त्यांच्या मेकॅनिकनं, चार्ली टेलरनं, सहा आठवड्यांत बनवलं. इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत सायकलसारखीच साखळी. नोव्हेंबर 1903 मध्ये इंजिन सुरू केलं तर ते असे हिसके देई की प्रोपेलरचे शाफ्टच पिळवटले. ते डेटनला पाठवून जाड करून आणले. मग दातेरी चाकं सैल पडू लागली, तर ती सायकलचा टायर रिमला बसवायच्या चिकट सिमेंटनं घट्ट केली! तेवढ्यात एका शाफ्टला तडा. या वेळी ऑर्व्हिल स्वतः घरी गेला आणि स्प्रिंग स्टीलचे भरीव शाफ्ट घेऊन आला. 13 डिसेंबरला हवा छान होती, पण वार रविवार. रविवारी उडायचं नाही, हा घरचा नेम. 14 तारखेला विल्बरनं नाक जास्त वर केलं आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत. दोन दिवस पुन्हा दुरुस्ती. 17 तारखेचं चौथं उड्डाण विल्बरचं, 59 सेकंद, 852 फूट. थोड्याच वेळात वाऱ्यानं विमान उलथंपालथं करून टाकलं. ते परत कधी उडलं नाही.

मला मात्र विल्बर खरा भेटतो तो 1908 मध्ये, फ्रान्समधल्या ल मान्स गावी. पेट्या आदल्या वर्षीच तिकडे पाठवल्या होत्या. जूनमध्ये त्या उघडल्या तर पंखांच्या फासळ्या मोडलेल्या, कापड फाटलेलं, रेडिएटर चेपलेले. विल्बर असा भडकला की सामान नीट न भरल्याबद्दल ऑर्व्हिलला पत्रातून चांगलंच झापलं. खरा प्रताप कस्टमवाल्यांचा होता, हे नंतर कळलं. भाऊ समुद्रापलीकडे, फ्रेंच भाषा जवळजवळ येत नाही. लेओं बोले नावाच्या मोटार कारखानदारानं जागा दिली, तिथं विल्बर कापड शिवत, तारा ओढत बसला. 4 जुलैला इंजिनची रबरी नळी निसटली आणि उकळत्या पाण्यानं त्याचा हात नि कूस भाजली. काम रेंगाळलं, पण थांबलं नाही. रात्री तो विमानाशेजारीच शेडमध्ये झोपे. कामगारांनी त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला 'व्हिएय ब्युरेत' म्हणजे जुनी तेलाची बुधली म्हणायला सुरुवात केली. टोपणनाव असावं तर असं!

तिकडे वर्तमानपत्रं या भावांना थापाडे ठरवून मोकळी झाली होती. 8 ऑगस्टला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोक तासन् तास ताटकळले, आणि हा आपला एकेक तार निवांत तपासतोय. संध्याकाळी उडाला. पावणेदोन मिनिटं, दोन गिरक्या. टीकाकार गप्प झाले.

सप्टेंबरात अमेरिकेत ऑर्व्हिलच्या विमानाचं प्रोपेलर तडकून सुकाणूच्या तारेत अडकलं. बरोबरचा लेफ्टनंट सेल्फ्रिज दगावला, ऑर्व्हिल जबर जखमी झाला. बातमी कळल्यावर विल्बरनं उड्डाण थांबवलं, पण काही दिवसांतच तो पुन्हा हवेत होता. 31 डिसेंबरला तर दोन तास वीस मिनिटं.

30 मे 1912 रोजी विषमज्वरानं तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी डेटनला महापूर आला आणि 1903 च्या विमानाच्या पेट्या चिखलपाण्यात बुडाल्या. 1916 मध्ये प्रदर्शनासाठी ऑर्व्हिलनं ते पुन्हा जोडलं, या वेळी थोरल्या भावाशिवाय.