एअर काढता काढता भेटलेला डिझेल

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या जुन्या डिझेल गाडीने एअर घेतली. स्टार्टर फिरतोय, इंजिन घरघरतंय, पण पेटायचं नाव नाही. मेकॅनिक गावाला गेलेला. मामाने सतरा नंबरचा पाना माझ्या हातात ठेवला आणि भाचा इंजिनिअरिंगला आहे, मग कशाला काळजी, असा चेहरा करून स्टुलावर बसला. डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम मी डोळे मिटून काढतो हो, पण फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू कुठे असतो ते शेवटी मामानेच दाखवलं!

स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा, बुडबुड्यांचा फेस थांबून निव्वळ डिझेल आलं की आवळायचा. मग इंजेक्टरच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारायचा, डिझेल टपकलं की एकेक नट टाइट. गाडी सुरू झाली. दहा मिनिटांनी परत बंद. असं तीन वेळा झालं. डिझेल कुठेच गळत नव्हतं, म्हणजे पंपाच्या अलीकडे, ओढणाऱ्या बाजूला, कुठूनतरी हवा आत शिरत होती.

त्या संध्याकाळी, हाताला डिझेलचा वास येत असताना, ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय तो माणूस कोण होता ते मी शोधायला लागलो. सिलॅबसमध्ये त्याच्या नावाची सायकल आहे, पण माणूस नाही.

रुडॉल्फ डिझेल १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन, वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याचं काम करणारे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, जर्मनांना पॅरिस सोडावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. ते काका गणिताचे मास्तर. पुढे स्कॉलरशिपवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकायला मिळालं, शिकवायला रेफ्रिजरेशनवाले कार्ल फॉन लिंडे. १८७९ मध्ये ऐन फायनलला टायफॉइड! परीक्षा हुकली. पठ्ठ्याने तेवढ्या दिवसांत स्वित्झर्लंडमधल्या झुल्त्झर कंपनीत हात काळे केले आणि जानेवारी १८८० मध्ये अव्वल गुणांनी पास झाला. (वर्ष वाया जाण्याच्या भीतीने रात्री छताकडे बघत पडणाऱ्या रूम पार्टनरने हे वाक्य दोनदा वाचावं.)

लिंडेंच्या वर्गात त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. त्या काळचं चांगलं वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण दहा टक्केच कामाला लावायचं, बाकी धुराड्यातून आकाशात. हवा इतकी दाबली की तीच तापून इंधन पेटवेल, तर? सायकलचा पंप मारताना त्याचं बूड गरम होतं, तीच गोष्ट, फक्त प्रचंड प्रमाणात. १८९३ साली पेटंटही मिळालं आणि पुस्तकही निघालं. गंमत म्हणजे मूळ कल्पना चुकीची होती. ज्वलन चालू असताना तापमान स्थिर ठेवायचं, त्यासाठी २५० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत दाब न्यायचा, असा कार्नोचा हट्ट. असं इंजिन स्वतःचं फिरणंसुद्धा जेमतेम भागवेल हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच वर्षी त्याने सुधारित पेटंटचा अर्ज केला. विरोधकांनी हा मुद्दा आयुष्यभर सोडला नाही. मला विचाराल तर कागदावरची चूक प्रयोगासाठी सोडून देणं, यातच त्याचं मोठेपण दिसतं.

ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. कारखान्याच्या पट्ट्याने इंजिन फिरवलं, इंधन सोडलं, स्फोट झाला आणि दाब मोजणारं इंडिकेटर फुटून उडालं. पण पेटलं तर! १७ फेब्रुवारी १८९४ रोजी एका फिटरच्या लक्षात आलं की पट्टा इंजिनला ओढत नाहीये, इंजिनच पट्ट्याला ओढतंय. मिनिटभर, ८८ फेऱ्यांच्या वेगाने ते स्वतःच्या ताकदीवर चाललं. त्यानंतर आणखी तीन वर्षं खोलणं-जोडणं. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रॉटर यांनी चाचणी घेतली, एफिशिअन्सी निघाली २६.२ टक्के.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आम्ही ज्या हवेला दिवसभर शिव्या घातल्या, तीच डिझेलच्या इंजिनात इंधन आत ढकलायची! आपल्या गाडीतल्यासारखा पंप त्याला जमेना, म्हणून दाबलेल्या हवेच्या फवाऱ्याने तो इंधन सिलिंडरमध्ये मारायचा. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, म्हणजे अवजड धूड. खरं तर त्याला छोट्या कारागिरांसाठी इंजिन हवं होतं, मोठ्या गिरण्यांपुढे सुताराला, विणकराला उभं राहता यावं म्हणून. झालं ते तीन मीटर उंच आणि कित्येक टन वजनाचं. ते कारखान्यांनी घेतलं, जहाजांनी घेतलं. बॉशचा इंजेक्शन पंप १९२७ साली आला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली १९४६ ला. विहिरीवर टुकटुकणारं इंजिन बघायला तो असता तर खूश झाला असता, असं मला आपलं वाटतं.

पैसा त्याने अमाप मिळवला आणि तितकाच घालवला. १८९८ मध्ये पहिली इंजिनं गिऱ्हाइकांकडे गेली आणि बिघाडाच्या तक्रारी यायला लागल्या. पेटंटचे वाद, जमिनींच्या व्यवहारात बुडालेले पैसे, म्युनिकमधला महागडा बंगला, कायमची डोकेदुखी. १९०३ साली समाज कसा सुधारेल यावर त्याने पुस्तक लिहिलं, ते कोणी फारसं घेतलंच नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. सोबत्यांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास केबिनमध्ये गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून. सकाळी केबिन रिकामी. अंथरुणावर कोणी झोपलेलंच नव्हतं. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. हवामान खराब होतं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पाण्यात सोडून दिलं. चष्म्याचं घर, छोटा चाकू, गोळ्यांची डबी... मुलगा ऑयगेन याने त्या वडिलांच्या म्हणून ओळखल्या. खून, कट, पळून गेला, अशा अनेक कथा आहेत. रिकामी बँक खाती बघता मला आत्महत्याच जास्त पटते. पंचावन्न वर्षांचा होता.

सकाळी मामाला हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. फीड पंपाच्या बँजो बोल्टचा तांब्याचा वॉशर त्याने काढून ठेवला होता. जुना होऊन कडक झालेला, म्हणून नीट बसत नव्हता. मामीच्या गॅसवर चिमट्यात धरून लालबुंद केला, पाण्यात टाकला, तांबं परत मऊ झालं. वॉशर बसवला, हातपंप मारला. या वेळी फेस लवकर थांबला.