पाटीलबावांचा गुडघा

उज्जयिनीच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. तेथील छापील कापड दूरवर जाते. पण आम्ही सुटीत तेथे गेलो ते काळभैरवाच्या दर्शनासाठी. देवाच्या मस्तकी पगडी असते; ती प्रथम महादजी शिंदे यांनी वाहिली, अशी परंपरा आहे. पगडीकडे पाहताना आमच्या मनात मात्र महादजींचा गुडघा घोळत होता!

महादजी हे सातारा प्रांतीच्या कण्हेरखेडचे राणोजी शिंदे यांचे पुत्र. घराण्याने रणांगणी किती माणसे द्यावीत? जयाप्पा १७५५ मध्ये नागोरास मारले गेले, दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची फळी फुटली, तेव्हा महादजी आपल्या दक्षिणी घोडीवरून दक्षिणेकडे निघाले. एक अफगाण स्वार त्यांच्या पाठीस लागला. घोडी चपळ, स्वाराचे जनावर थोराड व बेढब. परंतु महादजी दम घेण्यास थांबले की तो पुन्हा मागे दिसे. अखेर घोडी एका खळग्यात कोसळली. स्वाराने परशूचा घाव गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने व घोडी घेतली आणि महादजींना मेले समजून तो निघून गेला. पुढे कित्येक वर्षे तो स्वार आपल्या स्वप्नात येतो, असे महादजी सांगत.

प्राण वाचले; पाय मात्र जन्माचा अधू झाला. असे का व्हावे? आम्ही कलाशाखेचे पदवीधर, म्हणून शाळेतील शास्त्राच्या शिक्षकांकडे गेलो. त्यांनी सांगाड्यापुढे उभे करून समजाविले. प्रौढ माणसाच्या देहात २०६ हाडे असतात. गुडघ्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड एकमेकांस भिडतात आणि पुढे वाटी असते. (आमच्या कोंकणीत गुडघ्यास दिंबी म्हणतात.) मांडीच्या स्नायूंचा जाड पट्टा वाटीवरून नडगीस जाऊन बांधलेला असतो. तो ओढला की पाय सरळ होतो. तो तुटला किंवा वाटी फुटली, तर पाय सरळ करून त्यावर भार देणे कठीण.

हाड हे वाळक्या लाकडासारखे निर्जीव नाही. त्यात रक्त खेळते. म्हणून मोडलेले हाड नीट बसविले असता नवे हाड भरून सांधते. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेचे तसे नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते, म्हणून तिला पडलेली खोक सहसा पूर्ववत भरत नाही. कूर्चा गेली की हाडावर हाड घासते. आज शस्त्रवैद्य वाटी तारेने बांधतात, पट्टा शिवतात. १७६१ साली, शत्रूच्या मुलखात, खळग्यात पडलेल्या माणसास हे कोठून मिळणार?

त्यांस मिळाला तो राणेखान नावाचा भिस्ती. त्याने त्यांना पाण्याच्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. बैलाच्या प्रत्येक पावलास त्या गुडघ्याचे काय झाले असेल, हे आम्हांस सांगाडा पाहिल्यानंतरच कळले. महादजी पुढे त्यास भाई म्हणत.

लंगडत्या पायाचे महादजी १७६८ मध्ये शिंद्यांच्या दौलतीचे धनी झाले. जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांच्या बळावर शहाआलम बादशहा दिल्लीस परतला. १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांस शरण यावे लागले. १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला. १७८४ मध्ये बादशाहीचा सारा कारभार त्यांच्या हाती आला, तरी स्वतःस ते पाटीलच म्हणवीत. लालसोटच्या मोहिमेत १७८७ मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे. पुढल्याच वर्षी गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा ऑक्टोबरात दिल्ली सोडविण्यास जे मराठी सैन्य गेले, त्याच्या सेनानींत राणेखानभाई होते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजींनी पुण्याजवळ वानवडी येथे देह ठेवला. त्यांची छत्री तेथे आहे.