कमरेवरचा चट्टा ओळखणारे डॉ. खानोलकर

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात आपल्या कितीतरी माय-बहिणी दिवसभर वाकून काम करतात. साडी असो की सलवार, कमरेचा नाडा घट्ट आवळलेला असतो. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथे काळा पट्टा पडतो, खाज येते, कधी साल निघते. त्याकडे कोण बघतंय? हळद लावायची, नाहीतर मेडिकलमधून मलम आणायचं आणि कामाला लागायचं.

मुंबईत एका डॉक्टरांनी मात्र नेमकं तिकडेच बघितलं. त्यांचं नाव वसंत रामजी खानोलकर. २९ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे तज्ज्ञ झाले. मुंबईत परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ते सर्जन नव्हते. सर्जनने कापून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हा कॅन्सर आहे की नाही, हे सांगणं त्यांचं काम. पण रोगी कुठून आला, काय नेसतो, काय ओढतो, हेही त्यांना महत्त्वाचं वाटे. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी माणसाच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर लेख प्रसिद्ध केला. त्यात धोतराच्या कॅन्सरची नोंद आहे. धोतर जिथे घट्ट आवळलं जातं, तिथे घाम आणि घर्षणाने कातडी आधी रंग बदलते, मग जाड होते, मग न भरणारी जखम होते आणि शेवटी कॅन्सर. पुढे परकराच्या नाड्यानेही हेच होतं असं दिसलं आणि डॉक्टर त्याला साडी कॅन्सर म्हणू लागले. काश्मिरात फिरनच्या आत शेगडी घेऊन बसणाऱ्यांना पोटावर, मांडीवर होणारा कांगडी कॅन्सर याचाच भाऊ. तिथे नाड्याच्या जागी निखाऱ्याची धग.

घाबरून जायचं कारण नाही. नाड्याचा डाग पडलेल्या प्रत्येकीला कॅन्सर होत नाही, तो फार थोड्यांना होतो. पण महिनोन्महिने न भरणारी, कडा उचललेली, रक्त येणारी जखम असेल तर घरी बसू नये. आधी छोटा तुकडा काढून तपासतात. कॅन्सर निघाला तर सर्जन तो आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढतात. काढलेल्या भागाच्या कडा पुन्हा पॅथॉलॉजीत तपासल्या जातात, कारण कडेला रोग राहिला तर तो परत येतो. जांघेत गाठी आल्यात का, तेही बघतात.

मग उघड्या जागेचं काय? लहान असेल तर टाके घालतात. मोठी असेल तर मांडीवरची पातळ कातडी सोलून तिथे लावतात. पहिले काही दिवस ती हलता कामा नये, खालून रक्तपुरवठा मिळाला की ती धरते. मांडीची जागा साधारण दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येते. जखम खोल असेल तर शेजारची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून बसवतात. ही विद्या आपल्या मातीतली आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्यात नाक कापलेल्या एका गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं आणि ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली.

उर्दूत कॅन्सरला सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा, आणि मराठी कर्करोगातला कर्क म्हणजेही खेकडाच. कुर्तुब्याचे सर्जन अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं की सरतान लहान असताना, मुळासकट निघत असेल तरच कापावा. उशीर झाला की सर्जनचेही हात बांधले जातात.

आपल्याकडे उशीर होतो तो शरमेपायी. कमरेची जागा परक्या डॉक्टरला कशी दाखवायची? आम्ही म्हणतो, लेडी डॉक्टर मागा, घरच्या बाईला सोबत घ्या, पण दाखवा. इलाज करून घेण्याची ताकीद तर आपल्या दीननेच दिली आहे. तपासणीची सोय साताऱ्यात आहे, कराडला, मिरजेलाही आहे.

खानोलकरांनी १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं केलं. कुष्ठरोगावरही त्यांनी मोठं काम केलं. १९५५ ला पद्मभूषण मिळालं, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ मध्ये ते गेले. त्यांना आपली श्रद्धांजली एवढीच असू द्या: नाडा रुंद घ्या, सैल बांधा, जागा रोज बदला, आणि आज रात्री घरच्या बायकांना तेवढं विचारा, कमरेवर काही जखम तर नाही ना?