अंगणात आलेली शाळा

आमच्या महिला मंडळातर्फे मी महिन्यातून दोनदा तरी गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत जाते. परवा मातांच्या बैठकीत सहज विचारलं, की अंगणवाडीची कल्पना कुणाच्या कामातून आली, ठाऊक आहे का? वीस-पंचवीस जणी होत्या, पण एकीलाही सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर माझा मुलगा लहान होता तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आलं असतं, तर त्याच्या बाबतीत माझी एक चूक टळली असती. म्हणून आज ताराबाई मोडकांविषयी लिहितेय.

ताराबाई माहेरच्या केळकर. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२चा, मुंबईतला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीच्या शिकण्याला आडकाठी नव्हती. १९१४मध्ये त्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार काही टिकला नाही. १९२१मध्ये घटस्फोट झाला. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी असताना! कल्पना करा मैत्रिणींनो, लोक काय काय बोलले असतील. ताराबाई मात्र राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. पगाराची, मानाची नोकरी होती. तीही त्यांनी सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या.

गिजुभाईंनी मुलांसाठी वकिली सोडली होती. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीवर चालणाऱ्या त्यांच्या बालमंदिरात मुलांना मारायचं नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचं आमिषही दाखवायचं नाही, असा दंडक होता. मुलांनी आपली कामं आपल्या हातानं करायची. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली आणि १९३६मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं.

आता माझी चूक सांगते. माझा मोठा मुलगा अडीच वर्षांचा होता. शेजारणींची मुलं जायची म्हणून मीही त्याला गावातल्या एका नर्सरीत घातलं. गणवेश, टाय, हातात पेन्सिल. रोज रडायचा. मला वाटलं, होईल सवय. एक दिवस वर्गातच त्याची चड्डी ओली झाली. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. घरी आल्यावर त्याला जवळ घ्यायचं सोडून मीही शेजारणीदेखत लाज काढली. त्यानंतर पोरगं गप्पच झालं. रात्री अंथरूण ओलं करू लागलं, माझा पदर सोडेना.

शेवटी सासूबाईंनी त्याला घरी बसवून घेतलं. त्यांच्याबरोबर तो शेंगा सोलायचा, तुळशीला पाणी घालायचा, वेड्यावाकड्या पोळ्या लाटायचा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा हसू-बोलू लागला. सासूबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या आणि मी बी.ए. झालेली, पण मूल त्यांना कळलं.

पुढे वाचन वाढलं तेव्हा कळलं, की एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५०मध्ये हेच मांडलंय. पहिल्या वर्षात बाळाला जगाचा भरवसा वाटायला लागतो. पुढची दोन वर्षं ‘माझं मी करीन’ या हट्टाची. तेव्हा सारखं लाजवलं, तर मूल स्वतःवरच शंका घेऊ लागतं. तीन ते सहा या वयात ते स्वतः होऊन काही करू बघतं. तेव्हा सारखं दटावलं, तर मनात अपराधीपणा घर करतो. भावनगरच्या बालमंदिरात हीच काळजी त्याच्या कितीतरी आधी घेतली जात होती.

पण शहरातल्या मुलांवर ताराबाई थांबल्या नाहीत. १९४५मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दोघींनी ग्राम बालशिक्षा केंद्र उभं केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात. येणार तरी कशी? कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरांमागे जात होतं. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, मग गाणी, खेळ. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, खडे, बिया यांचीच साधनं झाली. धाकटं भावंडही तिथेच बसायचं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९६२मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ला त्या गेल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पण आपल्यापैकी कितीजणींना ती फक्त खाऊ मिळण्याची आणि लस टोचण्याची जागा वाटते! पोषण हवंच, पण तिथली गाणी, मातीकाम, भातुकली म्हणजे वेळ घालवणं नव्हे. मुलाचं मन तिथे घडत असतं. तिथे ते होत नसेल, तर सेविकाताईंना विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि त्यांच्या मदतीला जायची जबाबदारीही.

माझा मुलगा आज कॉलेजात आहे. तो ओल्या चड्डीचा दिवस त्याला आठवत नाही म्हणतो. मला मात्र आठवतो.

परवा बैठक संपली तेव्हा एक चिमुरडी दारात बसून चपला घालत होती. उजवी डाव्या पायात. आई घाईत होती. घालून द्यायला वाकली आणि काय वाटलं कोण जाणे, तशीच थांबली. पोरीनं चपला काढल्या, अदलाबदल केली आणि उड्या मारत निघाली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.