पाचगणीचा फरोख

पसरणीचा घाट चढून एस.टी. पाचगणीत शिरली की पुण्याचा माणूस आधी खिडकी लावतो आणि मग पिशवीत स्वेटर शोधतो. लहानपणापासून मी तिथं किती वेळा गेलो असेन, याची मोजदाद नाही. टेबललँडवर घोड्यावर बसलो, सिल्व्हर ओकच्या झाडांखालून फिरलो, स्ट्रॉबेरी खाल्ल्या. ब्लेझर घालून रांगेनं चाललेली निवासी शाळांमधली मुलं पाहिली आणि ही बड्या घरची मुलं, आपला त्यांच्याशी काय संबंध, असं म्हणून पुढं गेलो. त्यांतल्याच सेंट पीटर्स शाळेत एक पारशी मुलगा आठेक वर्षं राहून गेला होता आणि पुढं त्याच्या गाण्यावर लंडनचं वेम्बली स्टेडियम डोललं होतं. हे मला कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती.

कळलं तेही भाच्यामुळे. इंजिनिअरिंगला शिकणारा हा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आला, तो दोन कॅसेटी घेऊन. ‘लाइव्ह अ‍ॅट वेम्बली ८६’ असं त्यांवर लिहिलं होतं. आमचं घर नाट्यसंगीताचं आणि डिसेंबरातल्या सवाई गंधर्व महोत्सवाचं. रॉक म्हणजे आरडाओरडा, अशी आमची ठाम समजूत. आवाज कमी कर, असं सांगायला मी त्याच्या खोलीत गेलो आणि दारातच उभा राहिलो. गाणारा एक तान घेत होता आणि हजारो माणसं ती जशीच्या तशी परत देत होती. तो तान लांबवायचा, वळवायचा, मध्येच एखादी अवघड जागा घ्यायचा. लोक धडपडत का होईना, मागोमाग जायचे. गुरूनं शिष्याला समोर बसवून गळा तयार करून घ्यावा, तसा हा प्रकार होता. फक्त शिष्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात होती!

रमणबागेच्या मैदानावर रात्री जागवलेल्या माणसाला मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. स्टुडिओतलं गाणं घासूनपुसून ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखं असतं. मैफलीतल्या गाण्यात गायकाचा श्वास ऐकू येतो, एखादा सूर निसटतो आणि पुढच्याच क्षणी तो अशी काही जागा घेतो की समोरच्यांची दाद उसळते. ती दाद हा त्या गाण्याचाच भाग असतो. भाच्याच्या कॅसेटमध्ये मला तेच ऐकू आलं. मग मी या माणसाचा शोध घेऊ लागलो.

फरोख बलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबार बेटावर जन्मला. घराणं मूळचं गुजरातेतल्या बलसाडचं, म्हणून आडनाव बलसारा. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचं नाव जेर. मुलाला चांगलं इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून आईवडिलांनी आठ वर्षांच्या फरोखला बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीला धाडलं. आठ वर्षांचं पोर आणि मध्ये अख्खा अरबी समुद्र! सुट्टी लागली तरी घरी जाणं नेहमी जमायचं नाही. मग मुंबईच्या मावशीकडे मुक्काम असायचा.

पाचगणीत तो मुष्टियुद्ध खेळला, टेबल टेनिसमध्ये चमकला. जबड्यात जादा दात असल्यानं समोरचे दात पुढं आले होते. त्यावरून मुलं चिडवायची. हसताना ओठ ओढून घ्यायची सवय त्याला आयुष्यभर राहिली. पुढं पैसा आला तरी त्यानं दात सरळ करून घेतले नाहीत. आवाज बदलेल, ही भीती. इथंच मित्रांनी फरोखचा फ्रेडी केला. शाळेत तो पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी चार दोस्तांना घेऊन त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुलं शाळेच्या समारंभांत वाजवायची. गंमत म्हणजे पुढं उभा राहून गाणारा मुलगा वेगळाच होता. फ्रेडी पियानोवर बसायचा.

शाळा सुटल्यावर तो झांजिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला. अरब आणि भारतीय कुटुंबांना पळावं लागलं. बलसारा मंडळी हाती लागेल ते घेऊन इंग्लंडला आली आणि लंडनजवळच्या फेल्टममध्ये एका लहानशा घरात राहू लागली. सतरा वर्षांच्या फ्रेडीनं विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं, ईलिंगच्या कलाशाळेतून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्यानं नवा बँड उभा केला. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्यानंच दिलं, बोधचिन्हही त्यानंच रेखाटलं. पुढच्या वर्षी बास गिटार वाजवणारा जॉन डीकन आला. फ्रेडीनं बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नवं आडनाव घेतलं.

१९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सोडी’नं त्यांना जगभर नेलं. जवळपास सहा मिनिटांचं गाणं. रेडिओवर इतकं लांब गाणं कोण लावणार, असं जाणकारांना वाटत होतं. इंग्लंडमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच्या मधल्या भागात ऑपेराच्या ढंगाचं गायन आहे. आवाजांवर आवाज चढवून ते स्टुडिओत रचलेलं. चार माणसांना रंगमंचावर ते गाणं अशक्य. मग हे लोक काय करायचे? तो भाग आला की सरळ रंगमंच सोडून आत जायचे आणि ध्वनिफीत वाजू द्यायचे. गाण्याचं नाटक करायचं नाही, असा त्यांचा बाणा. १९७९ साली त्यांच्या युरोपातल्या कार्यक्रमांवरून ‘लाइव्ह किलर्स’ हा पहिला लाइव्ह अल्बम निघाला. त्यातही ही गोष्ट लपवलेली नाही.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बलीवर ‘लाइव्ह एड’ झाला. प्रत्येकाला वीसेक मिनिटं. तेवढ्यात या माणसानं सुमारे ७२,००० लोक असे काही मुठीत घेतले की आजही त्या वीस मिनिटांबद्दल बोललं जातं. जवळपास एका वर्षानं, १२ जुलै १९८६ रोजी क्वीन पुन्हा वेम्बलीवर उभे राहिले, तीच माझ्या भाच्याची कॅसेट. त्यात एका टप्प्यावर चौघं जुनी रॉक अँड रोल गाणी छेडतात आणि फ्रेडी लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ गातो. पाचगणीच्या पियानोमागं बसलेला मुलगा आता पुढं उभा राहून, आपल्या लाडक्या गायकाचं गाणं सत्तर हजारांना ऐकवत असतो. शेवटी तो मुकुट आणि झगा घालून येतो, तेव्हा मला आमच्या संगीत नाटकांतले राजेच आठवतात.

त्याच मैफलीत एके ठिकाणी तो लोकांशी बोलतो. बँड फुटणार अशी कुजबुज चालली होती. तिच्यावर विश्वास ठेवू नका, मरेपर्यंत आम्ही एकत्र राहणार, अशा अर्थाचं तो ठणकावून सांगतो. लोक जल्लोष करतात. मला मात्र ते ऐकताना दर वेळी गलबलून येतं. कारण चारच आठवड्यांनी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला त्याचा क्वीनबरोबरचा अखेरचा कार्यक्रम झाला. १९८७ मध्ये एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचं निदान झालं. बँड फुटला नाही. त्यानं शब्द पाळला, पण तो किती लवकर पुरा होणार होता, हे कुणाला ठाऊक होतं?

त्यानं स्त्रीवर प्रेम केलं, पुरुषांवरही केलं, आणि त्याबद्दल जाहीरपणे फारसं बोलला नाही. पारशीपणाबद्दल, पाचगणीबद्दलही तो क्वचितच बोलायचा. भारतात त्याचा एकही कार्यक्रम झाला नाही. आजाराचंही तसंच. अंगातली ताकद सरत असताना तो स्टुडिओत गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यानं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघं ४५. अंत्यविधीच्या वेळी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. टाकलेलं नाव निदान त्या क्षणी त्याच्याकडे परत आलं असावं. वेम्बलीचा तो अल्बम निघाला मे १९९२ मध्ये. गाणारा तेव्हा नव्हता.

इतकी वर्षं तो गप्प का राहिला, असं मी पूर्वी रागानं विचारायचो. आता विचारत नाही. कारण १९९२ मध्येच आमच्या पुण्यात, भोसरीला, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, आणि त्याच सुमारास आमच्या आळीतला एक तरुण वर्षभर झिजून वारला. घरच्यांनी क्षय म्हणून सांगितलं. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं. तिरडीला खांदा द्यायला चार माणसं जमेनात. मी खिडकीआडून पाहत होतो. खाली उतरलो नाही. स्पर्शानं हा रोग होत नाही, हे वर्तमानपत्रात वाचूनही उतरलो नाही. माझ्यासारखी माणसं खिडकीआड उभी असली की आजारी माणूस गप्प राहणार नाही तर काय करील?

पुढं २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला. भाचा आता स्वतःच पन्नाशीत आहे. त्यानं मला मुद्दाम नेऊन तो दाखवला. नायकाचं काम करणाऱ्या रामी मालेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं. काम छानच आहे. पण घरी आल्यावर मी कॅसेटच काढली. टेप जुनी झालीय, मध्येच आवाज खरखरतो.

मागच्या हिवाळ्यात पाचगणीला गेलो होतो. संध्याकाळी शाळेची मुलं रांगेनं चालली होती. रांगेच्या अगदी शेवटी एक लहानसा, किडकिडीत मुलगा होता, ओठ मिटून स्वतःशीच काहीतरी गुणगुणत चाललेला. या वेळी मी पुढं निघून गेलो नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून, तो वळणाआड जाईपर्यंत ऐकत राहिलो.